दिव्याची साक्ष

कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. तिच्याबरोबर दोष वाचण्याची एक रीतही मावळत गेली.

या गाडीत परतीची वेगळी तार नसे. पत्र्याचा सांगाडाच वीज बॅटरीकडे परत नेई. कारागीर टेस्ट लॅम्पचे एक टोक सांगाड्याला लावून दुसरे तारेच्या एकेका जोडावर टेकवी. शेवटचा उजेड आणि पहिला अंधार यांच्यामध्ये दोष सापडे. मात्र अर्थिंगच गंजले असेल, तर तारेत वीज असूनही दिवा लागत नसे. म्हणून जाणता कारागीर आधी सांगाडाच तपासून घेई.

हत्यारांच्या इतिहासात दिव्याची नोंद होईल. या शंकेची नोंद कोण ठेवणार?