अल्पपोषक सागरातील प्लवकांचा चयापचय

उपोष्ण कटिबंधातील महासागरांचे मध्यभाग गडद निळे आणि नितळ असतात. वरच्या थरात नायट्रेट, फॉस्फेट नाममात्र. त्यामुळे प्लवकही विरळ. मात्र विस्तार अफाट असल्याने कार्बनच्या हिशेबात हे पाणी वगळता येत नाही.

येथील प्रमुख उत्पादक प्रोक्लोरोकॉकस हा जेमतेम ०.६ मायक्रॉनचा जीवाणू. १९८० च्या दशकापर्यंत तो कोणाच्या लक्षातच आला नव्हता! त्याने प्रकाशसंश्लेषणातून बांधलेला बहुतेक कार्बन तिथल्याच जीवाणू-प्राणिप्लवकांच्या श्वसनात खर्ची पडतो.

बांधलेला कार्बन आणि श्वसनातला खर्च यांच्या हिशेबात शेवटी शिल्लक उरते की तूट, यावर वाद आहे. हे ठरवायला एक बाटली पारदर्शक, दुसरी काळी. दोन्हींत समुद्राचे पाणी कोंडायचे आणि दिवसभराने ऑक्सिजनमधला फरक विंकलर पद्धतीने मोजायचा, ही जुनी रीत. अशा मोजणीवरून दुआर्ते आणि आगुस्ती या संशोधकांनी १९९८ मध्ये तूट मांडली. त्याच वर्षी विल्यम्स यांनी उलट बाजू घेतली. आक्षेप रास्त होता: तूट असेल, तर जादा कार्बन येतो कुठून? नद्या, धूळ यांतून येणारा पुरवठा अपुरा वाटतो. शिवाय बाटलीत कोंडलेल्या नाजूक पेशी नेहमीसारख्या वागतीलच असे नाही.

हवाईजवळच्या अलोहा केंद्रावर १९८८ पासून नियमित नोंदी होतात. त्या परिसरातील तरंगत्या स्वयंचलित यंत्रांनी पृष्ठभागाखालच्या प्रकाशित थरात ऑक्सिजन साठत जाताना टिपला, म्हणजे तिथे थोडी का होईना शिल्लक आहे.