तुकड्यांची फळी : जेरुसलेमचें मिंबर

रुंद मेजाचें पृष्ठ एकाच अखंड फळीचें केलें तर तें फार दिवस सपाट राहत नाहीं, हें कोणाही सुतारास ठाऊक असतें. लांकूड ओलाव्यानें फुगतें व कोरड्या हवेंत आकसतें. आणि तेंही लांबीपेक्षां रुंदींत पुष्कळच अधिक. अशी फळी चोहों बाजूंनीं जखडली कीं ती तडकते. यावर पश्चिम आशियांतील सुतारांनीं काढलेली तोड अशी कीं, मोठी फळी मुळीं करावयाचीच नाहीं. तारे, षट्कोण, अष्टकोण असे लहान तुकडे कापावे, त्यांच्या कडा जिभेप्रमाणें पातळ कराव्या, व दोहों अंगांस खोबण असलेल्या पट्ट्यांत त्या बसवाव्या. खिळा नाहीं, सरस नाहीं. प्रत्येक तुकडा आपल्या खोबणींत केसभर हालतो, म्हणूनच सबंध फळी शाबूत राहते. तुर्कस्तानांत या कामास कुंदेकारी म्हणतात.

याची नक्कलही जुन्या काळापासून होत आली. साध्या फळ्या शेजारीं शेजारीं जोडून त्यांवर तारे कोरावयाचे व पट्ट्या खिळ्यांनीं ठोकावयाच्या. दुरून दोहोंत फरक दिसत नाहीं. परंतु कालांतरानें फळ्यांचे सांधे उघडतात, आणि भेग ताऱ्याच्या मधूनच सरळ जाते. खऱ्या कामांत ती तशी जाऊं शकत नाहीं. केवळ नक्षी पाहून कालनिर्णय करणाऱ्यांनीं हा पुरावा उपेक्षिला आहे, असें आम्हांस वाटतें.

या पद्धतीचें विख्यात काम म्हणजे जेरुसलेमच्या अल्-अक्सा मशिदींतील मिंबर, म्हणजे पायऱ्या असलेलें उपदेशपीठ. तें नूरुद्दीन महमूद बिन झंगी यानें हलब (अलेप्पो) येथें करविलें. त्यावरील लेखांत हिजरी ५६४ (इ. स. ११६८-६९) हें वर्ष होतें, सुतारांचीं नांवेंही कोरलेलीं होतीं. त्या वेळीं जेरुसलेम ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या ताब्यांत होतें. जें शहर हातीं नाहीं त्यासाठीं पीठ घडवून ठेवावें, ही गोष्ट मागाहून रचलेली वाटण्याजोगी आहे. इब्न अल्-अथीर ती सांगतो तो शहर जिंकल्यानंतरचा. तथापि लेखाचें वर्ष त्याच्या बाजूचें आहे. नूरुद्दीन ११७४ त वारला. २ ऑक्टोबर ११८७ रोजीं सलाहुद्दीनानें शहर घेतलें व मिंबर हलबहून आणविलें.

पुढें जवळजवळ आठ शतकें तें तेथें उभें होतें. २१ ऑगस्ट १९६९ रोजीं एका ऑस्ट्रेलियन माथेफिरूनें मशिदीस आग लावली, व तें जळालें.

तेव्हां खरी अडचण उघडकीस आली. छायाचित्रें होतीं, पण छायाचित्रावरून नक्षी उतरते, जोड उतरत नाहीं. कोणती पट्टी कोणत्या कोनांत शिरते, कोणता तुकडा आधीं बसतो, हें ज्यांच्या हातांत होतें ते सुतार केव्हांच गेले होते. भूमितीची मांडणी प्रथमपासून उलगडावी लागली. जॉर्डनमध्यें निरनिराळ्या देशांच्या कारागिरांनीं १६,००० हून अधिक तुकडे खिळ्यांवांचून जुळविले, आणि नवें मिंबर २००७ सालीं मशिदींत बसविण्यांत आलें. जुन्याचे जळके अवशेष त्याच आवारांतील इस्लामी संग्रहालयांत आहेत.