टाकाऊ ठरवलेल्या लहरींची गोष्ट

शाळांमध्ये बोलायला गेलो की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. 'विद्यार्थ्यांच्या प्रयोगांतून खरोखर काही नवं कळतं का? की माहीत असलेलं उत्तरच पुन्हा काढायचं?' प्रश्न प्रामाणिक असतो. आपल्या शाळांतल्या बहुतेक प्रयोगांचं उत्तर पुस्तकात आधीच छापलेलं असतं. म्हणून आज आपण हौशी रेडिओचा, म्हणजेच 'हॅम रेडिओ' या छंदाचा थोडा इतिहास पाहू. या इतिहासात एका शाळकरी मुलाला महत्त्वाचं स्थान आहे, आणि पुढे त्याचा आपल्या देशाशीही जवळचा संबंध आला.

12 डिसेंबर 1901 रोजी इंग्लंडमधल्या पोल्डू येथून पाठवलेलं मोर्स लिपीतलं 'एस' हे अक्षर, म्हणजे तीन टिंबं, मार्कोनीने अटलांटिकपलीकडे न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं जाहीर केलं. त्यानंतर बिनतारी संदेशांचा झपाट्याने प्रसार झाला. त्या काळचे प्रक्षेपक विजेच्या ठिणग्यांवर चालत. तारेचं वेटोळं, बॅटरी आणि थोडी चिकाटी असली की घरच्या माळ्यावरही असा प्रक्षेपक बनवता येई. अमेरिकेत हजारो तरुणांना हा नाद लागला. यांना कोणी पगार देत नव्हतं, संदेश पाठवून पैसे मिळवायचेही नव्हते. म्हणून ते 'हौशी'.

पण ठिणगीच्या लहरी नीट एका तरंगलांबीवर राहत नसत. एकाचा संदेश दुसऱ्याच्या संदेशात मिसळे. एप्रिल 1912 मध्ये 'टायटॅनिक' बुडाली, तेव्हा या गोंधळाबद्दलची ओरड आणखी वाढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने कायदा केला. प्रत्येक केंद्राला परवाना सक्तीचा झाला, आणि हौशी मंडळींना 200 मीटर किंवा त्याहून कमी तरंगलांबीच्या लहरी देण्यात आल्या. हे औदार्य नव्हतं. लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते, असं तेव्हाच्या तज्ज्ञांचं ठाम मत होतं. मोठ्या कंपन्या हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरत आणि त्यासाठी प्रचंड मनोरे उभारत. 200 मीटरच्या खालचा भाग म्हणजे गावाबाहेरचं पडीक माळरान. तिथे हौशी मंडळींना सोडून दिलं की प्रश्न आपोआप मिटेल, असा हिशोब होता.

(वर्गात करून पाहण्यासारखं गणित : 300000 ला मीटरमधल्या तरंगलांबीने भागलं की किलोहर्ट्झमध्ये वारंवारता मिळते. 200 मीटर म्हणजे 1500 किलोहर्ट्झ.)

तज्ज्ञांचं मत निराधार होतं का? नाही. जमिनीलगत जाणाऱ्या लहरींबाबत ते बरोबरच होतं. जमीन लहरींची ऊर्जा शोषते, आणि लहर जितकी आखूड तितकं हे शोषण जास्त. चूक एवढीच झाली, की लहर जमिनीलगतच जाणार असं गृहीत धरलं गेलं. वातावरणात उंचावर विद्युतभारित थर असावा, असं केनेली आणि हेव्हिसाइड यांनी 1902 मध्येच सुचवलं होतं. पण तो थर प्रत्यक्ष प्रयोगाने दाखवला गेला नव्हता.

हौशी मंडळींनी माळरान सोडलं नाही. 1914 साली हायरम पर्सी मॅक्सिम यांच्या पुढाकाराने त्यांची अमेरिकेत संघटना उभी राहिली. एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला संदेश द्यायचा, अशी साखळी करून ते दूरवर संदेश पोचवू लागले. पहिल्या महायुद्धात त्यांची केंद्रं बंद झाली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा निर्वात नलिका, म्हणजे आपले 'व्हॉल्व्ह', हाती आले होते. ठिणगीऐवजी आता एकाच तरंगलांबीची स्वच्छ लहर सोडता येऊ लागली.

1921 च्या अखेरीस त्यांनी पॉल गॉडली या आपल्या एका निष्णात सहकाऱ्याला ग्राहकयंत्र देऊन बोटीने स्कॉटलंडला पाठवलं. आर्ड्रोसन गावाजवळ समुद्रकाठी एका शेतात तंबू ठोकून, शेकडो मीटर लांब तार ताणून, कडाक्याच्या थंडीत गॉडली रात्र रात्र कान देऊन बसले. दोन डझनांहून अधिक अमेरिकन हौशी केंद्रं त्यांना ऐकू आली! यांतले बरेच प्रक्षेपक घरच्या घरी बनवलेले होते. दोन वर्षांनी, नोव्हेंबर 1923 मध्ये, फ्रान्समधल्या नीस येथील लेऑं देलुआ आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांनी सुमारे 100 मीटरच्या लहरींवर अटलांटिकच्या दोन्ही बाजूंनी संभाषण केलं. लहर आखूड केल्यावर संदेश कमजोर व्हायला हवा होता. तो अधिक स्पष्ट येत होता.

आता आपल्या शाळकरी मुलाकडे वळू. लंडनजवळच्या मिल हिल या शाळेत एक प्रक्षेपक होता. 18 ऑक्टोबर 1924 रोजी सेसिल गॉयडर हा अठरा वर्षांचा विद्यार्थी त्यावर बसला होता. त्याला उत्तर आलं ते न्यूझीलंडमधल्या शॅग व्हॅली इथल्या मेंढपाळीच्या मळ्यावरून. तिथे होता फ्रँक बेल, महायुद्धातून आजारी होऊन घरी परतलेला एक तरुण. दोघांमधलं अंतर सुमारे 19000 किलोमीटर! पृथ्वीवर दोन ठिकाणांमधलं अंतर साधारण 20000 किलोमीटरपेक्षा जास्त असूच शकत नाही. म्हणजे आणखी दूर जायला फारशी जागाच उरली नव्हती. (ही फेरी करायला लहरीला किती वेळ लागला असेल? सेकंदाचा सुमारे सोळावा भाग.)

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अ‍ॅपलटन आणि बार्नेट यांनी इंग्लंडमध्ये वरच्या थराचं अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केलं. या थराला आपण आज आयनांबर म्हणतो. 1947 चं नोबेल पारितोषिक अ‍ॅपलटन यांना या क्षेत्रातल्या संशोधनासाठी मिळालं. लघुलहरी आयनांबरावरून परावर्तित होऊन जमिनीवर येतात, पुन्हा वर जातात, आणि अशा उड्या घेत पृथ्वीला वळसा घालतात. शेजारच्या गावात ऐकू न येणारं केंद्र हजारो किलोमीटरवर का ऐकू येतं, हेही यामुळे उलगडलं. पहिली उडी जिथे टेकते, त्याच्या अलीकडे शांतता असते.

सगळं श्रेय हौशी मंडळींना देणं मात्र बरोबर होणार नाही. मार्कोनी आणि त्यांचे सहकारी फ्रँकलिन यांचेही लघुलहरींवर प्रयोग चालू होते. पण माळरानात सोनं आहे हे दिसल्यावर काय घडलं, ते लक्षात घेण्यासारखं आहे. सरकारं आणि कंपन्या तिकडे धावल्या. 1927 च्या वॉशिंग्टन परिषदेत लहरींची वाटणी झाली, तेव्हा ज्यांनी हा प्रदेश गाजवला त्यांच्या वाट्याला काही अरुंद पट्टेच आले. त्याच वर्षी भारत आणि इंग्लंड यांच्यात लघुलहरींची व्यापारी तारसेवा सुरू झाली. तिचा प्रक्षेपक पुण्याजवळ खडकीला आणि ग्राहक दौंडला होता!

आणि गॉयडर? तो अभियंता झाला, आणि 1936 मध्ये ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला. त्याच्यापुढे प्रश्न होता तो एवढ्या मोठ्या देशात थोड्या पैशांत आवाज पोचवायचा कसा? मध्यम लहरी शहराभोवतीच पुरतात, शिवाय उष्ण कटिबंधातल्या विजांच्या कडकडाटाचा त्यांना फार उपद्रव होतो. लघुलहरींच्या केंद्रांवर भर देणं हे त्याचं उत्तर होतं. 1938 पर्यंत मुंबई, दिल्ली, मद्रास आणि कलकत्ता इथे लघुलहरी केंद्रं सुरू झाली. शाळेतल्या प्रक्षेपकावर जे कळलं होतं, ते असं कामी आलं.

आपल्याकडचे हौशीही मागे नव्हते. अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना 1921 मध्येच परवाना मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धात परवाने रद्द झाले. तरीही 1942 मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूमिगत 'काँग्रेस रेडिओ' चालवला, तो 42.34 मीटरवर. गणित करून पाहा. ही लहर हौशी मंडळींच्या 40 मीटरच्या पट्ट्यातच येते. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी प्रसारक मदतीला धावले. मे 2005 मध्ये 'इस्रो'ने त्यांच्यासाठी 'हॅमसॅट' हा उपग्रह सोडला, तो 2014 पर्यंत उपयोगात होता.

आजही बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही केंद्र सरकारची परीक्षा देऊन हा परवाना मिळवता येतो. परीक्षेत वीज आणि रेडिओची मूलतत्त्वं आणि नियम विचारतात. शालेय विज्ञान नीट समजलेल्या विद्यार्थ्याला ती जड नाही. पास झालं की 'व्हीयू' अक्षरांनी सुरू होणारं स्वतःचं संकेतनाम मिळतं. व्यापार, राजकारण किंवा गाणी लावणं यांना इथे परवानगी नाही.

परवान्यापूर्वीही एक प्रयोग करता येईल. साधा रेडिओ घ्या. मध्यम लहरींचा पट्टा भर दुपारी आणि रात्री नऊनंतर सावकाश फिरवा, आणि ऐकू आलेल्या केंद्रांची यादी महिनाभर करा. रात्रीची यादी लांब का होते? याचं कारण पुस्तकात सापडेल. पण तुमच्या गावात, त्या महिन्यात कोणती केंद्रं ऐकू आली, हे कुठल्याच पुस्तकात छापलेलं नसेल. ते तुमच्या विद्यार्थ्यांनाच लिहावं लागेल.