सूतांजलीची कुळकथा

थोर पुरुष निवर्तला की त्याचा पुतळा उभारावा, चौकास नाव द्यावे, पुण्यतिथीस हार घालावा आणि स्मरणाचे प्रकरण दप्तरी दाखल करावे, ही आपली रूढ वहिवाट. तिला सोडून एक रीत वर्ध्यालगतच्या पवनारास पडली. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी प्रयागास गांधीजींच्या अस्थी त्रिवेणीत सोडण्यात आल्या त्याच दिवशी, पवनारास धाम नदीतही रक्षाविसर्जन झाले. आणि पुढे त्या तारखेस तेथे दरसाल जो सर्वोदय मेळा भरू लागला, त्यात प्रत्येकाने स्वहस्ते कातलेल्या सुताची एक गुंडी गांधीजींच्या स्मरणार्थ अर्पण करावी, ही कल्पना १९३८ पासून पवनारास राहणाऱ्या विनोबांची. हीच सूतांजली.

या रीतीचे कूळ मात्र श्राद्धविधीत नव्हे, जमाखर्चाच्या वहीत आहे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावास, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसच्या सभासदत्वाची वर्गणी दरमहा दोन हजार वार सूत अशी ठरली. ती भल्याभल्यांना इतकी जड गेली की पुढच्याच सप्टेंबरात पाटण्यास चार आण्यांचा पर्याय खुला करावा लागला. तेथेच जन्मलेल्या चरखा संघाने मात्र सुताची वर्गणी चालू ठेवली. हयातीत जो सारा वसूल होता होईना, तोच मरणोत्तर अंजलीच्या रूपाने मागण्यात विनोबांची सूक्ष्म दृष्टी दिसते.

आणि मागितले तरी किती? गुंडी म्हणजे ६४० तार, प्रत्येक तार चार फुटांची. एकूण सुमारे साडेआठशे वार. सराईत हातासही चरख्यावर दोनतीन तास बसविणारे, परंतु मजुरालाही न परवडेल असे नव्हे, असे हे माप आहे. आणि माणशी गुंडी एकच असल्यामुळे धनिकास येथे थैली ओतून अग्रपूजेचा मान मिळविता येत नाही. विनोबा तर या गुंडीस सर्वोदयाच्या बाजूने दिलेले मत मानीत. शिवाय वाहिलेल्या फुलांचे निर्माल्य होते. या सुताची खादी होते.

धामच्या पात्रात गांधीजींची छत्रीही आहे, आणि पाहणारे बहुधा तीच पाहून परततात. छत्रीस डागडुजी पुरते, सूतांजलीस कातणारे हात लागतात, आणि ते विरळ झाले आहेत. यंदा १२ फेब्रुवारीस पवनारास जाणाऱ्याने आधी टकळी हाती धरावी, आणि गुंडी पुरी करूनच निघावे.