दारोदार गेलेलं वचन

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडतात. मुकादमाकडून ऊसतोडीची उचल घेतलेली जोडपी कोयते, भांडीकुंडी, शेळ्या आणि लहानगी पोरं घेऊन ट्रकमध्ये बसतात आणि सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नाहीतर थेट कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. परत येतात ती पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात. या टोळ्यांत ख्रिस्ती घरंही असतात. त्यांची मंडळी, त्यांचे पाळक, रविवारची उपासना, मुलांची शब्बाथ शाळा, सगळं गावाकडे राहतं. बरोबर जातं ते रोजचं वचन. पहाटे मोबाइलवर पवित्र शास्त्रातल्या एक-दोन ओळी येतात, त्यावर पाळकांचे चार शब्द असतात आणि शेवटी छोटीशी प्रार्थना.

ही रीत मोबाइलने आणली असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात तिला जवळपास तीनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो सुरू होतो घरदार सोडून आलेल्या माणसांपासूनच.

जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, बोहेमियाच्या सीमेलगत, हेर्नहुट नावाचं गाव आहे. मोराविया प्रांतात धर्मामुळे छळ झालेले काही शेतकरी आणि कारागीर १७२२ मध्ये तिथे आले आणि काउंट झिंझेनडॉर्फ यांच्या जमिनीवर त्यांनी घरं बांधली. ३ मे १७२८ रोजी संध्याकाळच्या उपासनेत झिंझेनडॉर्फ यांनी जमलेल्यांना दुसऱ्या दिवसासाठी एक ओळ दिली. सकाळी गावातल्या घरोघरी ती पोचवली गेली. मग हा रिवाजच पडला. वचन नेणारा माणूस नुसता निरोप देऊन पुढच्या दाराकडे वळत नसे. घरात कोण आजारी आहे, कुणाचं मन कशाने खचलंय, याची तो विचारपूस करी. १७३१ पासून वर्षभराची वचनं एकत्र छापली जाऊ लागली आणि ते पुस्तक आजही दरवर्षी निघतं, पन्नासांहून अधिक भाषांत. त्यातलं जुन्या करारातलं रोजचं वचन आजही चिठ्ठी काढूनच निवडलं जातं. म्हणजे कुणा एकाच्या आवडीनिवडीला त्यात वाव नाही. माझ्या मते या साऱ्या परंपरेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे मी पुढे परत येणार आहे.

त्याच काळात बोगात्स्की या जर्मन लेखकाने १७१८ मध्ये वचनांचा एक 'खजिना' छापला होता. ख्रिस्ती घरांत दिसणारी वचनांच्या चिठ्ठ्यांची पेटी त्याच कुळातली. ३१ डिसेंबरच्या रात्री मंडळीत जागून नव्या वर्षासाठी वचन घ्यायचं, यातल्या जागरणाच्या उपासनेचा धागाही हेर्नहुटपर्यंत जातो.

ही रीत मराठीत आली तेव्हा जमीन कोरी नव्हती. केजच्या शेजारच्या अंबाजोगाईत दासोपंतांनी गीतेवर लाखाहून अधिक ओव्या लिहिल्या आणि एका लांबलचक पासोडीवर अध्यात्म मांडलं. १६१५ च्या सुमारास ते समाधिस्थ झाले. १६१६ मध्ये गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, तेही ओवीतच, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. नव्या ख्रिस्ती लोकांनी आपल्यासाठीही पुराण हवं असं म्हटलं होतं, म्हणून ते रचलं गेलं आणि देवळात मोठ्याने वाचलं जाऊ लागलं. दोघांमध्ये धर्माचं आणि शेकडो मैलांचं अंतर होतं, तरी धर्माचा शब्द मराठी माणसाच्या कानातून आत जातो हे दोघांनाही ठाऊक होतं.

छापील मराठी शास्त्राची सुरुवात बंगालमधल्या श्रीरामपूरला झाली. विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या मदतीने १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान आणि १८११ मध्ये संपूर्ण नवा करार मराठीत काढला. हेच केरी १७९२ च्या आपल्या पुस्तिकेत हेर्नहुटच्या मोरावियन लोकांच्या मिशनकार्याचा आदराने दाखला देतात, तेव्हा हेर्नहुट आणि मराठी यांच्यातला दुवा काल्पनिक नाही. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. अहमदनगरला १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि नगर इंग्रजांच्या, पण भाषा एकच होती.

तरीही वचन घरोघरी नेण्याचं काम छापील कागदाने केलं असं मी म्हणणार नाही. वाचता येणारी माणसं होतीच किती? काम केलं ते बायबल स्त्रियांनी. विधवा, परित्यक्ता, दुष्काळात अनाथ झालेल्या मुली मिशनच्या शाळांत वाचायला शिकल्या आणि पायी गावोगाव फिरू लागल्या. वस्तीत गेल्यावर आधी चुलीजवळ टेकायचं, लेकरू तापलंय का, धान्य आहे का, नवरा मारतो का, हे विचारायचं. मग शास्त्रातली एखादी गोष्ट सांगायची आणि एक वचन पाठ करून घ्यायचं. पुढच्या फेरीला तेच वचन पुन्हा म्हणून घ्यायचं. हेर्नहुटच्या दारावरचा माणूस मराठी मुलखात बाई होऊन आला. या स्त्रियांची नावं फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. ही रीत मराठी ख्रिस्ती घराघरांत रुजली ती बरीचशी त्यांच्या पायपिटीमुळे.

वचन खेड्यातल्या बाईला कळेल असं हवं, हे पंडिता रमाबाईंनी ओळखलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली होत्या. त्यांना आणि खेड्यातल्या बायकांना कळेल असं शास्त्र हवं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत भाषांतराला बसल्या. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी त्यातच घातली. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. ते मुक्तीतच छापलं गेलं आणि १९२४ मध्ये बाहेर आलं.

१८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी रोजच्या भक्तीला चाल दिली. अभंग आणि भजन या घरच्या वाटांनी त्यांनी ख्रिस्त मराठीत आणला. आजही कौटुंबिक उपासनेत 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं की त्यांचीच पदं जास्त सापडतात. विसाव्या शतकात मग रोजच्या वाचनाचे तक्ते आले, तारखेखाली वचन असलेली कॅलेंडरं आली. कॅथलिक घरांत, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत होऊ लागली तशी दिवसाची वाचनंही मराठीत आली. बीड जिल्हा १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतो.

आणि मग मोबाइल. उसाच्या फडात पहाटे चारला कोपीसमोर चूल पेटते, भाकरी बांधून होते, आणि एका हाताने बाळाला पाजत असलेल्या बाईच्या शेजारी फोनवर पाळकांचा आवाज सुरू होतो. वाचता येत नसलं तरी ऐकता येतं. हे सोपं साधन आहे, आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो.

पण दोन गोष्टी या वाटेत गळाल्या. पहिली निवडीची. चिठ्ठीत विलापही निघायचा, पश्चात्तापही निघायचा. आता फिरणारी वचनं बहुतेक एकाच जातीची असतात: तुझी भरभराट होईल, तुझे शत्रू हरतील, हा महिना तुझ्या विजयाचा. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर राज्यभर चर्चा झाली आणि सरकारला समिती नेमावी लागली. त्यातल्या एखाद्या बाईला विजयाच्या महिन्याचं वचन कसं पुरेल? शास्त्रात तिच्यासाठी पुष्कळ आहे. दुष्काळामुळे बेथलेहेम सोडून परमुलखात गेलेली नामी आहे, नवरा आणि मुलं गमावून ती परतते ती जवाच्या सुगीत. तिची सून रूथ परक्याच्या शेतात सरवा वेचते. अंजीर फुललं नाही, शेतात पीक नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी देवाला धरून राहणारा हबक्कूक आहे. २०१६ मध्ये केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. हबक्कूक समजायला या मुलखाला टीकाकाराची गरज नाही. विलापगीत, ईयोब, उपदेशक ही पुस्तकं रोजच्या वचनातून वगळणं म्हणजे ऋतूंमधला उन्हाळाच वगळणं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. वचन पोचलं, पण वचन घेऊन येणारं माणूस गेलं. एका बोटाने दोनशे जणांना ओळ जाते आणि पाठवणाऱ्याला वाटतं की सेवा झाली. हेर्नहुटमध्ये काय किंवा बायबल स्त्रियांच्या फेरीत काय, ओळीइतकीच विचारपूस महत्त्वाची होती. धीर देणं हे दोन माणसांमध्ये घडतं.

म्हणून केज आणि आसपासच्या पाळकांना, मंडळीतल्या वडील माणसांना आणि महिला मंडळांना एक विनंती आहे. यंदा टोळ्या निघायच्या आधी आपल्या मंडळीतलं कोणतं कुटुंब कोणत्या कारखान्याच्या कोणत्या थळावर जाणार आहे, ते वहीत लिहून घ्या. रोजचं वचन पाठवा, ते आवाजात पाठवा, आणि शास्त्राच्या सगळ्या पुस्तकांतून निवडा. आठवड्यातून एकदा त्यातल्या प्रत्येक घराला फोन करा आणि आधी बाळ कसं आहे ते विचारा. जमलं तर हंगामात एकदा गाडी काढून थळावर जा.