बाह्य प्रकाशयोजना, वाळवंटी प्रदेशांतील

वाळवंटी वा अर्धवाळवंटी प्रदेशात इमारतीच्या दर्शनी भिंती, प्रवेशद्वारे, आवार, वाहनतळ व नामफलक यांसाठी दिवे निवडण्याची, बसवण्याची आणि नियंत्रित करण्याची पद्धत. येथे दिव्याला दोन परीक्षा द्याव्या लागतात : एक स्थानिक नियमांची, दुसरी उन्हा-धुळीची. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही असे वरवर वाटते. पण आकाश वाचवण्यासाठी केलेले बरेच नियम दिव्यालाही मानवतात. भिंतीच्या पायथ्याशी जमिनीत पुरून वर तोंड केलेला दिवा घ्या. नियमांना तो खपत नाही, कारण भिंतीवरून निसटलेला त्याचा प्रकाश थेट आकाशात जातो. वाळवंटालाही खपत नाही : एका वादळात काचेवर वाळू बसते, पहाटेच्या दवाने भिजते आणि दुपारच्या उन्हात वाळून तिचे लिंपण होते. तोच प्रकाश छज्ज्याखालून खाली सोडला, तर आकाशही वाचते आणि काचही.

नियमांचा उगम : कोरडी हवा आणि ढगांविना रात्री यांच्या शोधात दुर्बिणी वाळवंटात गेल्या, आणि त्यांच्यामागोमाग शहरे वाढली. प्रकाशाचे जुने व कडक नियम वाळवंटांच्या आसपास आढळतात ते यामुळे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फ्लॅगस्टाफ येथे लोवेल वेधशाळा १८९४ मध्ये उभी राहिली. १९३० मध्ये प्लुटोचा शोध तेथेच लागला. जाहिरातीसाठी आकाशात फिरवल्या जाणाऱ्या झोतदिव्यांवर या गावाने १९५८ मध्ये बंदी घातली. वास्तविक फ्लॅगस्टाफ वाळवंटात नाही; ते सुमारे २,१०० मी. उंचीवर, पाइनच्या जंगलात आहे. पण त्याच राज्यातले टूसॉन खऱ्याखुऱ्या सोनोरन वाळवंटात आहे, आणि त्याच्या नैर्ऋत्येस किट पीकवर राष्ट्रीय वेधशाळा आहे. टूसॉन व भोवतालच्या पिमा काउंटीत १९७२ पासून बाह्य दिव्यांचे नियम आहेत. अंधाऱ्या आकाशासाठी काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटनाही १९८८ मध्ये टूसॉनमध्येच स्थापन झाली.

या नियमांचा गाभा तीन गोष्टींत आहे. फिटिंग वरून आणि बाजूंनी झाकलेले हवे, म्हणजे क्षितिजरेषेच्या वर प्रकाश जाता कामा नये. दिव्याचा रंग पिवळसर हवा. आणि तिसरी, खरी बोचणारी गोष्ट म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळानुसार एकूण प्रकाशावर मर्यादा. १९८९ मध्ये फ्लॅगस्टाफने एकरी ल्युमेनचा (दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशाच्या एककाचा) हिशेब लागू केला. वेधशाळांना सर्वांत जवळच्या पट्ट्यात व्यापारी भूखंडाला एकरी २५,००० ल्युमेन मिळतात. जुन्या ४० वॅटच्या ट्यूबलाइटमधून साधारण २,५०० ल्युमेन निघतात. म्हणजे ४० गुंठ्यांच्या आवारात, दुकानाच्या दारापासून गाड्या लावायच्या जागेपर्यंत, दहा ट्यूबलाइटइतका उजेड. वास्तुरचनाकाराला मग प्रत्येक दिव्याचे समर्थन द्यावे लागते. छपराखाली बराच आत बसवलेल्या दिव्याला टूसॉनच्या हिशेबात सवलत मिळत असल्याने तेथे खोल पडव्या आणि रुंद छज्जे कामी येतात. उन्हापासून आडोसा म्हणून ते वाळवंटातल्या घरांना हवेच असतात.

रंगाचा प्रश्न : अनेक वर्षे खगोलशास्त्रज्ञांचा लाडका दिवा होता कमी दाबाचा सोडियम दिवा. त्याचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो. दुर्बिणीवर गाळणी लावून तेवढा पट्टा वगळता येतो. दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र लाल गाडी आणि निळी गाडी सारखीच मळकट दिसते. वाहनतळावर आपली गाडी शोधणाऱ्यांचे या दिव्याबद्दलचे मत खगोलशास्त्रज्ञांपेक्षा वेगळे होते, हे सांगायला नको. एलईडी आल्यावर हे दिवे मागे पडले. निळसर-पांढऱ्या एलईडीतला निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, म्हणून नियमांनी ३,००० केल्विन किंवा त्याहून उबदार छटेचा आग्रह धरला. फ्लॅगस्टाफने अंबर रंगाच्या एलईडीला पसंती दिली.

टूसॉनने २०१६-१७ मध्ये सुमारे १८,००० पथदिवे बदलून ३,००० केल्विनचे एलईडी बसवले आणि मध्यरात्रीनंतर ते मंद करण्याची सोय केली. पुढे २०१९ मध्ये संशोधकांनी काही रात्री हे पथदिवे मुद्दाम कमी-जास्त करून उपग्रहावरून शहर पाहिले. निष्कर्ष अनपेक्षित होता : मध्यरात्रीनंतर उपग्रहाला दिसणाऱ्या प्रकाशात पथदिव्यांचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी निघाला. उरलेला प्रकाश इमारतींच्या भिंती, फलक, आवारे, वाहनतळ आणि मैदाने यांचा. प्रकाशप्रदूषण म्हटले की पालिकेच्या खांबाकडे बोट दाखवण्याची सवय सर्वत्र आहे. या प्रयोगाने ते बोट इमारतींकडे वळवले.

हवामान : फिटिंगवर वेगळे काही छापलेले नसेल, तर ते भोवतालच्या २५° से. तापमानासाठी बनवलेले आहे असे आंतरराष्ट्रीय मानकानुसार धरले जाते. आखाती उन्हाळ्यात सावलीतच पारा ४५ अंशांवर जातो आणि धातूचे काळे आवरण त्याहून बरेच तापते. यात मरतो तो बहुधा एलईडीचा चिप नव्हे, तर त्याला वीज पुरवणारा ड्रायव्हर. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. ड्रायव्हर फिटिंगबाहेर, सावलीत किंवा इमारतीच्या आत बसवणे हा त्यावरचा जुना आणि सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा शत्रू धूळ. धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाच्या आयपी ६५ किंवा ६६ या श्रेणीतला पहिला ‘६’ धूळ अजिबात आत जात नसल्याचे सांगतो. पण प्रयोगशाळेतली धूळ आणि वाळवंटातला दिनक्रम यांत फरक आहे. दिवसा फिटिंगमधली हवा तापून फुगते आणि बाहेर पडू पाहते; रात्री तापमान झपाट्याने उतरते, आतली हवा आकसते आणि गॅस्केटच्या फटीतून बाहेरची ओल व बारीक धूळ ओढून घेते. दिवा असा रोज श्वास घेतो. काही महिन्यांनी काचेच्या आतल्या बाजूस धुके दिसू लागले, की विजेचे काम करणारा माणूस गॅस्केट गेले म्हणून सांगतो. म्हणून चांगल्या फिटिंगमध्ये हवा जाऊ देणारा, पण पाणी व धूळ अडवणारा पातळ पडदा बसवतात. पॉलिकार्बोनेटची झाकणे अतिनील किरणांनी पिवळी पडून तडकतात. तेथे टफन्ड काच टिकते, मात्र उडत्या वाळूने घासून तीही अंधुक होते. समुद्रालगतच्या वाळवंटात क्षारांमुळे स्क्रू आधी गंजतात.

फिकट वाळू आणि पांढऱ्या भिंती डांबरापेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परत फेकतात. झाकलेल्या दिव्याचाही काही उजेड त्यामुळे वर जातोच. पण त्याच कारणाने कमी उजेडातही भागते. गावाकडे चांदण्या रात्री चुन्याने रंगवलेली भिंत पाहिलेल्याला हे वेगळे समजावावे लागत नाही.

अन्य प्रदेश : चिलीने १९९८ मध्ये आंतोफागास्ता, अताकामा आणि कोकिंबो या तीन प्रदेशांसाठी प्रकाशाचे राष्ट्रीय मानक आणले, ते पुढे अधिक कडक झाले आणि २०२४ पासून देशभर लागू आहे. दुबईच्या हरित इमारत नियमांत बाह्य दिवे क्षितिजाखाली वळवण्याची व दिवसा आपोआप बंद होण्याची अट आहे. शोभेच्या दिव्यांना शक्यतो वरून खाली प्रकाश टाकण्यास सांगितले आहे. उंच इमारतीच्या अंगावर हलती चित्रे दाखवणारे एलईडी हे शोभेचे दिवे की जाहिरात, यावर ठिकठिकाणी वेगवेगळी भूमिका घेतली जाते. नामिबियातील नामिबरँड अभयारण्याला २०१२ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे राखीव क्षेत्र म्हणून मान्यता मिळाली.

भारत : ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत बाह्य दिव्यांच्या वॅटवर मर्यादा आहे; तिचा रोख वीजबचतीवर आहे. आकाशाचा थेट विचार झाला तो लडाखच्या शीत वाळवंटात. हानले येथे सुमारे ४,५०० मी. उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा असून तिच्याभोवतीचा सुमारे १,०७३ चौ. किमी. प्रदेश डिसेंबर २०२२ मध्ये अंधाऱ्या आकाशासाठी राखीव म्हणून अधिसूचित झाला. येथे उष्णतेचा प्रश्न उलटा होतो : थंडीत एलईडी अधिक चांगला चालतो, दुबळी ठरते ती सौरदिव्याची बॅटरी. गावांतील दिव्यांना झाकणे आणि खिडक्यांना जाड पडदे लावले जातात. रात्री येणाऱ्या गाड्यांनी मोठे दिवे वापरू नयेत अशी अपेक्षा असते. महाराष्ट्रातले पेंच व्याघ्रप्रकल्पाचे क्षेत्र वाळवंटी नाही, पण तेथेही गावांतले दिवे बदलून खाली वळवण्यात आले आणि त्याला देशातले पहिले अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता मिळाली.

जैसलमेर : पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला रात्री पिवळ्या प्रकाशात उजळतात.

वन्यजीव : निशाचर कीटक व त्यांवर जगणारी वटवाघळे यांवर पांढऱ्या दिव्यांचा परिणाम होतो.