पाहुण्याचा वाढदिवस

परमुलखात जाऊन राहिलेल्या माणसाला तिथली भाषा शिकता येते, तिथले अन्न पचनी पाडता येते, पोशाखही बदलता येतो. एकच गोष्ट त्याला बरोबर नेता येत नाही, ती म्हणजे आपला जन्म ज्यांच्या आठवणीत आहे अशी माणसे. 'तू झालास त्या रात्री ओढ्याला पूर आला होता,' असे सांगणारी मावशी गावीच राहते. परदेशात आपली जन्मतारीख असते ती पारपत्राच्या पानावर. म्हणूनच एखाद्या देशाने परक्याला कितपत आत घेतले हे पाहायचे असेल, तर तिथे त्याचा वाढदिवस कोण लक्षात ठेवतो, ते पाहावे. या कसोटीला मेक्सिको हा देश लावून पाहण्याजोगा आहे. विसाव्या शतकात देशोधडीला लागलेल्या कितीतरी माणसांनी तिथे आसरा घेतला. आणि जन्मदिवसाच्या बाबतीत त्या देशाचे पंचांग फार जुने आहे.

स्पॅनिश लोक येण्यापूर्वी मध्य मेक्सिकोत अ‍ॅझ्टेकांचे राज्य होते. त्यांच्याकडे २० दिवसचिन्हे आणि १ ते १३ हे आकडे यांच्या जोड्या लावून बनवलेले २६० दिवसांचे चक्र होते. घरात मूल जन्मले की जाणत्या जोश्याला बोलावणे जाई. तो चित्रांची पोथी उलगडून दिवस कसा आहे ते सांगे, आणि दिवस वाईट निघाला तर मुलाला स्नान घालून नाव ठेवण्याचा विधी बऱ्या दिवसावर ढकलला जाई. 'एक ससा', 'सात फूल' अशी दिवसाची नावेच माणसांना मिळत. सोळाव्या शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने तिथल्या वृद्धांना विचारून विचारून हे सारे लिहून ठेवले, म्हणून ते आज आपल्याला कळते. जन्मपत्रिका आणि बारसे यांत वाढलेल्या मराठी माणसाला यात परके असे काहीच वाटणार नाही.

स्पॅनिशांनी ही पोथी मोडली आणि तिच्या जागी संतांचे कॅलेंडर आणले. वर्षाचा प्रत्येक दिवस कोणा ना कोणा संताचा. ज्या दिवशी मूल जन्मे त्या दिवशीच्या संताचे नाव पुष्कळदा त्याला मिळे, आणि पुढे आयुष्यभर साजरा व्हायचा तो त्या संताचा दिवस. आपल्या घरी भिंतीवर पंचांग असते, तसे मेक्सिकोत १८२६ सालापासून 'गाल्व्हान' नावाचे कॅलेंडर निघत आले आहे. त्यात दिवसाचा संत पाहायचा, की नाव सापडले. बेनितो हुआरेस २१ मार्च १८०६ रोजी जन्मला. त्या काळच्या कॅलेंडरात तो दिवस संत बेनेडिक्टचा, म्हणून मुलगा बेनितो. गंमत अशी, की हाच बेनितो पुढे राष्ट्राध्यक्ष झाला आणि १८५९ मध्ये त्याच्याच सरकारने कायदा करून जन्माची नोंद चर्चच्या वहीतून काढून सरकारी दप्तरात आणली! नाव संताने दिले, तारीख मात्र आता सरकारची झाली. आपल्याकडेही तिथी घरची आणि तारीख शाळेची, असा संसार पुष्कळांनी केला आहे. कित्येक आजोबांचा जन्म मास्तरांच्या कृपेने १ जूनचाच!

सरकारी वाढदिवस केवढा थोर होऊ शकतो, हे पोर्फिरिओ दिआस या हुकूमशहाने दाखवले. त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद १५ सप्टेंबर १८३० ची, तोच त्याचा जन्मदिवस. स्वातंत्र्याचा सोहळा १६ सप्टेंबरचा. १५ च्या रात्री घंटा वाजवून जयघोष करण्याची चाल त्यानेच स्वतःच्या वाढदिवसासाठी पाडली, असे लोक सांगतात. खरे म्हणजे ती रात्र त्याच्याही आधीपासून साजरी होत होती. सप्टेंबर १९१० मध्ये स्वातंत्र्यलढ्याची शताब्दी आणि दिआसची ऐंशी वर्षे एकदमच आली. देशोदेशीचे पाहुणे जमले, दिव्यांची आरास झाली, मेजवान्या झडल्या. नोव्हेंबरात क्रांती पेटली आणि पुढच्या मे महिन्यात दिआस राजीनामा देऊन जहाजात बसला. यापुढचे चार वाढदिवस परदेशात काढून १९१५ च्या जुलैमध्ये तो पॅरिसला वारला.

सामान्य मेक्सिकन माणसाचा वाढदिवस या थाटाचा नसतो. तो पहाटे सुरू होतो. घरातली माणसे, शेजारी, मित्र अंधारातच दाराशी किंवा खिडकीखाली येऊन 'लास मान्यानितास' हे गाणे म्हणतात. ऐपत असली तर गिटार आणि तुताऱ्या घेतलेले मारिआची वादकही असतात. हे गाणे मुळात संताच्या दिवसाचे, आणि त्याच्या शब्दांत अजूनही संताचाच दिवस आहे; पण आता ते वाढदिवसाला म्हटले जाते. १२ डिसेंबरला ग्वादालूपेच्या मातेच्या मंदिरातही हेच गाणे होते. देवीला जागवायचे आणि शेजारच्या पोराला जागवायचे, दोन्हींना गाणे एकच! आपल्या भूपाळीची आठवण होते ती इथे.

मुलांच्या वाढदिवसाला पिन्याता हवीच. रंगीत कागदांनी मढवलेले मातीचे मडके दोरीला टांगायचे, मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात काठी द्यायची आणि वरून कोणी तरी दोरी खालीवर ओढून त्याला झुलवायचे. मूळ हा नाताळातला खेळ. सात टोकांची पिन्याता म्हणजे सात पापे, आणि ती फोडली की देवाची कृपा खाली सांडते, असे पाद्री समजावून सांगत. मुलांना कृपा कळते ती ऊस, संत्री, भुईमुगाच्या शेंगा आणि गोळ्यांच्या रूपाने. आता मडक्याऐवजी पुठ्ठाच पुष्कळदा असतो. आपल्या दहीहंडीत मडक्यापर्यंत चढायचे असते. इथे ते आहे कुठे, हेच आधी शोधायचे. मग केक येतो. उत्सवमूर्तीने हात न लावता त्याचा पहिला घास घ्यावा असा गलका होतो, आणि तो वाकला की मागून कोणी तरी त्याचे तोंड केकमध्ये दाबते. नव्या पाहुण्याने हा अपमान समजू नये. ज्याच्याशी सलगी नाही, त्याचे नाक कोणी साखरेत बुडवीत नाही.

या सलगीला तिथे नात्याचे रूपही मिळते. मुलगी पंधरा वर्षांची झाली की मोठा समारंभ होतो आणि त्याचा खर्च बहुधा अनेक 'पाद्रिनो' वाटून घेतात: कोणी पोशाखाचा, कोणी केकचा, कोणी वाद्यांचा. बाप्तिस्म्याच्या वेळी जो पाद्रिनो होतो, तो मुलाच्या आईबापांचा 'कोंपाद्रे', म्हणजे मानलेला सोयरा. रक्ताचे नाते नसलेल्यालाही या दाराने घरात येता येते.

दाराबाहेरून आलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध पाहुणा म्हणजे लिऑन ट्रॉट्स्की. कोणताच देश ठेवून घेईना तेव्हा मेक्सिकोने त्याला आश्रय दिला. जानेवारी १९३७ मध्ये तो तिथे उतरला आणि कोयोआकान या उपनगरात चित्रकर्ती फ्रीडा कालो हिच्या माहेरच्या निळ्या घरात राहू लागला. ७ नोव्हेंबर हा त्याचा जन्मदिवस आणि रशियन क्रांतीचाही. १९३७ साली तो अठ्ठावन्न वर्षांचा झाला. ज्या क्रांतीचा तो सेनापती, तिच्या विसाव्या वर्षी तिथले सरकार त्याच्या जिवावर उठले होते. नऊच दिवसांपूर्वी, २९ ऑक्टोबरला, त्याचा धाकटा मुलगा सेर्गेई याला रशियात गोळी घातली गेली होती. बापाच्या कानावर ते आलेही नव्हते. त्या ७ नोव्हेंबरला फ्रीडाने त्याला स्वतःचे चित्र भेट दिले. दोन पडद्यांच्या मध्ये ती उभी आहे, अंगावर शाल, केसांत फुले, आणि हातातल्या कागदावर त्याचे नाव व ती तारीख. पुढे मैत्रीत बेबनाव झाला, १९३९ मध्ये ट्रॉट्स्कीने ते घर सोडले आणि चित्र मागेच राहिले. ऑगस्ट १९४० मध्ये त्याचा खून झाला. मेक्सिकोत त्याच्या वाट्याला आले तीनच वाढदिवस. चित्र आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे, आणि तो कागद अजून तिच्या हातात आहे.

याच चित्रकारांच्या वर्तुळात आपला एक वर्धेचा माणूस होता. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांचे राज्य असेपर्यंत त्यांना घरचे दार बंद होते. १९२० नंतरच्या दशकात ते मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात शिकवू लागले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर त्यांनी प्रयोग केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. इटलीहून आलेल्या तिना मोदोत्तीने त्यांच्या मक्याची छायाचित्रे घेतली. फ्रीडाचा नवरा दिएगो रिवेरा याने शिक्षणखात्याच्या भिंतीवर एक जेवणाचे टेबल रंगवले आहे. तिथे भाकरी वाटून देणारा जो गृहस्थ बसला आहे, तो खानखोजे असे मानले जाते. वाढदिवस म्हणजे तरी आणखी काय? कोणाच्या तरी पंगतीत आपले पान मांडलेले असणे. खानखोज्यांना तर पानावर बसवून वाढपीही केले! स्वातंत्र्यानंतर ते मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळा उभा राहिला.

मेक्सिकन माणूस आपल्या घराविषयी बोलताना पाहुण्याला 'तुमच्या घरी' असे म्हणतो. नवख्याला वाटते, हा माझ्या खोलीविषयी बोलतो आहे! अर्थ कळायला काही दिवस लागतात.

आपल्या शहरांतही परदेशांतून आणि परप्रांतांतून शिकायला, नोकरीला आलेली माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात. फराळाचे ताट त्यांच्याकडे जाईलच. ताट परत द्यायला कोणी आले, की जाता जाता त्याची जन्मतारीख विचारून घ्यावी, आणि ती कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवावी.